अर्ध्या मेंदूचं गुपित शोधणारे रॉजर स्पेरी

बालमित्रांनो, आपला मेंदू अक्रोडाच्या गरासारखा दोन भागांचा असतो, हे तुम्ही वाचलं असेल. हे दोन भाग कसं काम करतात, ते ज्यांनी शोधून दाखवलं त्या रॉजर स्पेरी यांची गोष्ट मी आज सांगणार आहे.

रॉजरचा जन्म २० ऑगस्ट १९१३ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. तो ११ वर्षांचा असताना वडील वारले. आईने शाळेत नोकरी धरली आणि घर चालवलं. रॉजर नुसता पुस्तकी किडा नव्हता बरं का! कॉलेजात तो बास्केटबॉल संघाचा कप्तान होता. आधी त्याने इंग्रजीची पदवी घेतली, मग मानसशास्त्र शिकला, आणि १९४१ साली डॉक्टरेट मिळवली ती प्राणिशास्त्रात. इतके विषय बदलणारा मुलगा आपल्याकडे असता तर घरच्यांनी कपाळाला हात लावला असता.

त्या काळी पुष्कळ शास्त्रज्ञ म्हणत, की नसा कशाही जोडल्या तरी त्या सवयीने नवं काम शिकतात. खुद्द स्पेरी यांचे गुरूही त्याच मताचे. स्पेरींनी बेडकाच्या डोळ्याची नस कापली आणि डोळा उलटा फिरवून बसवला. बेडकाची नस पुन्हा वाढते, तशी ती वाढली. बेडकाला दिसू लागलं, पण सगळं उलटं! माशी वर असली की बेडूक खाली झेप घ्यायचा. किती दिवस गेले तरी तो सुधारला नाही. प्रत्येक नस आपली ठरलेली जागाच शोधते, हे त्यातून कळलं. गुरूंचं मत चुकीचं ठरलं.

आता मुख्य गोष्ट. मेंदूच्या दोन भागांना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा एक जाड पट्टा असतो. १९६२ पासून लॉस एंजेलिसच्या काही डॉक्टरांनी फेफऱ्याच्या रोग्यांचा हा पट्टा कापला. कोणत्याही औषधाला न जुमानणारे झटके त्यामुळे कमी झाले. रोगी चालत, बोलत, हसत. पट्टा तोडल्याने काही बिघडलं, असं वाटतच नव्हतं. स्पेरी आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मात्र या रोग्यांना नीट तपासायचं ठरवलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. फळ्यावर मधोमध ठिपका काढून त्याच्याकडे एकटक बघा. ठिपक्याच्या डावीकडचं जे दिसतं ते दोन्ही डोळ्यांतून मेंदूच्या उजव्या भागात जातं, आणि उजवीकडचं डाव्या भागात. एकेक डोळा एकेका भागाचा, असं नाही. पट्ट्यातून दोन्ही भाग एकमेकांना खबर देतात, म्हणून आपल्याला अख्खा फळा एकच दिसतो.

रोग्याला पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघायला सांगून डावीकडे चमच्याचं चित्र क्षणभर दाखवलं. काय दिसलं? काहीच नाही, असं तो सांगे. मग त्याला डावा हात पडद्याआड घालून, न बघता, तिथल्या वस्तू चाचपायला सांगितलं. त्याने बरोबर चमचा उचलला! उजव्या मेंदूने चमचा ओळखला होता, पण बोलण्याचं काम बहुतेकांच्या डाव्या मेंदूकडे असतं, आणि त्याला खबरच नव्हती. विचारायची रीत बदलली म्हणून उत्तर मिळालं. नाहीतर त्या मुक्या अर्ध्या मेंदूला शून्य मार्क पडले असते. मला स्पेरींचं हेच सगळ्यात मोठं काम वाटतं. नमुना पाहून रंगीत ठोकळे मांडायला दिले, तर तेव्हाही उजव्या मेंदूच्या ताब्यातला डावा हातच सरस ठरे.

यावरून कुणी म्हणतात, अमका डाव्या मेंदूचा, म्हणून गणितात हुशार, तमका उजव्या मेंदूचा, म्हणून चित्रकार. हे काही खरं नाही. ज्यांचा पट्टा शाबूत आहे, त्यांचे दोन्ही भाग सदोदित मिळून काम करतात.

१९८१ साली स्पेरींना नोबेल पारितोषिक मिळालं. अर्धं त्यांना, आणि उरलेलं अर्धं ह्युबेल व वीझेल या दोघांत. त्या दोघांचं कामही मेंदू कसा बघतो याविषयीचंच होतं. प्राचीन जीवांचे दगड झालेले अवशेष जमवण्याचा छंद स्पेरींना होता. १७ एप्रिल १९९४ रोजी पॅसाडेना येथे त्यांचं निधन झालं.