लुई पाश्चर

फ्रान्स देशातील दोल या गावी २७ डिसेंबर १८२२ रोजी लुई पाश्चरचा जन्म झाला. त्याचे वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. मुलाने पुष्कळ शिकावे, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. लहानपणी लुईला चित्रे काढण्याचा नाद होता. पुढे पॅरिसला जाऊन त्याने रसायनशास्त्राचे अध्ययन केले.

सन १८५४ मध्ये लील येथील विज्ञान महाविद्यालयाचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली. त्या भागात बीटच्या रसापासून मद्यार्क काढण्याचे कारखाने होते. १८५६ साली बिगो नावाचा एक कारखानदार चिंतातुर होऊन त्याच्याकडे आला. त्याच्या काही पिंपांतील रस बिघडत असे. मद्यार्काऐवजी त्यात आम्ल तयार होई आणि माल वाया जाई.

पदार्थ का आंबतो, हे त्या काळी एक कोडेच होते. निर्जीव द्रव्य कुजते व त्यामुळे साखरेचे विघटन होते, असे जर्मनीतील लीबिग या जगन्मान्य शास्त्रज्ञाचे मत होते. त्याच्याविरुद्ध बोलण्यास भक्कम पुरावा हवा होता.

पाश्चरने चांगल्या व बिघडलेल्या पिंपांतील रसाचे नमुने आणून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. चांगल्या रसात यीस्टचे गोल कण दिसत. बिघडलेल्या रसात मात्र वेगळे दृश्य दिसे. आम्ल धरलेल्या द्रवात त्याला एक करडा पदार्थ आढळला. त्यातील कण यीस्टहून कितीतरी लहान होते. आपण दुधाला विरजण लावतो, त्याप्रमाणे त्याने त्या पदार्थाचा अंश साखर व खडू घातलेल्या ताज्या द्रवात सोडला. दुसऱ्याच दिवशी तो द्रव जोराने आंबू लागला. आम्ल तयार करणारे जीव निराळे आणि मद्यार्क तयार करणारे निराळे, हे १८५७ साली त्याने जाहीर केले.

केवळ पाहून त्याचे समाधान होत नसे. किती साखर खर्ची पडली, किती मद्यार्क झाला, यीस्ट किती वाढले, हे सारे तो तराजूने तोलून पाही. हवेवाचून जगणारे जंतूही असतात, हे त्याने १८६१ मध्ये दाखवून दिले. पुढे द्राक्षमद्य बेताने तापवले असता ते नासत नाही, असे त्याला आढळले. दूध टिकवण्याची आजची पाश्चरीकरणाची रीत त्यातूनच निघाली.

१८६८ साली अर्धांगवायूने त्याची डावी बाजू लुळी पडली. तरीही त्याने काम सोडले नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस त्याने १८८५ साली प्रथम माणसाला टोचली, ती या आजारानंतरच. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याचे निधन झाले.

पुढे १९४२ साली झाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने जंतूंची वाढ व त्यांना मिळणारे अन्न यांचा संबंध गणिताच्या सूत्रात मांडला. आज सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांत अनेक जातींचे जंतू एकत्र नांदतात. त्यांचे काम कसे चालेल, याचा अंदाज बांधण्यास ते सूत्र उपयोगी पडते. परंतु पिंपात काय चालले आहे, हे प्रथम डोळ्यांनी पाहावे आणि मग मोजावे, हा धडा पाश्चरने घालून दिला.