थोर समाजसेविका रमाबाई रानडे

मी तुम्हांला रमाबाई रानडे यांची माहिती सांगते. त्यांचा जन्म १८६२ साली सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी झाला. ११ व्या वर्षी त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवलं. घरातल्या बाया रागावत, पण रमाबाईंनी शिकणं सोडलं नाही.

१९०१ साली न्यायमूर्ती वारले. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. रमाबाई त्याच्या अध्यक्षा होत्या. तिथल्या बाया ससून दवाखान्यात नर्सचं काम शिकू लागल्या. त्यांत विधवाही होत्या. लोक नावं ठेवत.

नर्सचं काम नुसतं गोळ्या देण्याचं नसतं. डॉक्टर घरी जातात, पण नर्स रात्रभर रोग्याजवळ असते. नाडी मंद झाली का, धाप लागली का, हे तीच आधी बघते. डॉक्टरांना आत्ताच बोलवायचं का, हे तिलाच ठरवावं लागतं. उशीर झाला तर माणूस जातो. म्हणून शिक्षण लागतं. आपल्या जंगलाच्या भागात मलेरिया असतो. नर्सबाई बोटातलं रक्त तपासतात आणि कोणाला लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं ते सांगतात.

रमाबाई १९२४ साली वारल्या. मला पण नर्स व्हायचं आहे. थोर रमाबाईंना माझा नमस्कार.

— इयत्ता ४ थी