मांडूच्या सुलतानाचे उरलेले आयुष्य

आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. धडगावच्या डोंगरातून तिच्याकडे पाहताना मला हटकून मांडू आठवते. तेथील कड्यावरच्या महालातून राणी रूपमती याच नर्मदेचे दर्शन घेत असे, असे सांगतात. तिने विष घेतले, तेथे लोकांची कथा संपते. मला मात्र मागे उरलेल्या बाजबहादूरचे कोडे पडत आले आहे.

त्याचे मूळ नाव मलिक बायजीद. शेरशहाच्या वतीने माळव्याचा कारभार पाहणाऱ्या शुजाअतखानाचा हा मुलगा. १५५५ च्या सुमारास तो सत्तेवर आला. त्यासाठी त्याने भावाचाही काटा काढला. पुढे गोंडवनावर चालून गेला, तर राणी दुर्गावतीने त्याला अशी धूळ चारली की लढाईचे नाव टाकून तो गाण्यात बुडाला. रूपमतीही गाणारी. दोघांचे सूर जुळले.

१५६१ च्या मार्चमध्ये अकबराचा सरदार आधमखान सारंगपूरवर आला. बाजबहादूर हरला आणि पळाला. लोककथा जे सांगत नाही, ते अबुल फजलने नोंदवून ठेवले आहे. पराभव झालाच, तर जनानखान्यातील स्त्रियांना ठार करावे, असा बाजबहादूरचा हुकूम होता. रूपमतीवर वार झाले, पण ती वाचली. मग आधमखानाने तिला हस्तगत करू पाहिले, तेव्हा तिने विष घेतले. तिला काय हवे, हे दोघांपैकी कोणीच विचारले नव्हते.

वर्षभरातच एका खुनापायी अकबराने आधमखानाला आग्र्याच्या किल्ल्यातील गच्चीवरून खाली फेकविले. बाजबहादूर आमच्या खानदेशात फारुकींच्या आश्रयाला आला होता. पाठलागावर आलेल्या पीर मुहम्मदखानाने बुऱ्हाणपूर लुटले. पण परतताना तो नर्मदेतच बुडाला. माळवा पुन्हा हाती आला, तोही औटघटकेचा. १५६२ मध्येच अब्दुल्लाखान उझबेगाने बाजबहादूरला हुसकले. मग दारोदार भटकंती. काही काळ मेवाडच्या राण्याकडे. शेवटी १५७० मध्ये तो अकबराला शरण गेला. त्याला मनसब मिळाली. ‘ऐन-ए-अकबरी’तील दरबारी गवयांच्या यादीत त्याचे नाव आहे.

आइसलंडच्या एका जुन्या सागेत गुन्लाउग आणि हराफ्न हे दोन कवी हेल्गेपायी झुंजून मरतात. हेल्गा दुसऱ्याचा संसार करते आणि गुन्लाउगने दिलेला झगा पाहत प्राण सोडते. आपल्याकडे उलटे झाले. मागे पुरुष राहिला.

ज्याच्या फौजेपायी रूपमती गेली, त्याच्या दरबारात बाजबहादूर गायला, याचा मला राग येत नाही. हरलेल्या माणसालाही जगावे लागते. पण हेल्गेपाशी निदान झगा होता. याच्यापाशी सूर होते, आणि त्याने स्वतः दिलेला तो हुकूम. गाताना त्याला दोहोंपैकी काय आठवत असेल, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.