सत्येंद्रनाथांचा अर्ज

सन १८९४ च्या जानेवारी महिन्याच्या पहिल्याच दिवशी कलकत्ता शहरात सत्येंद्रनाथ बोस यांचा जन्म झाला. वडील सुरेंद्रनाथ हे रेल्वेच्या हिशेबखात्यात नोकरीस होते. सत्येंद्रनाथ हे थोरले अपत्य. त्यांच्या पाठीवर सहा बहिणी. कामावर निघण्यापूर्वी वडील घरातील जमिनीवर गणिताचे एखादे उदाहरण लिहून ठेवीत आणि ते परत येण्याच्या आत ते सोडवून ठेवणे हा या मुलाचा आवडता खेळ असे.

हिंदू स्कूल या शाळेत असताना गणिताच्या एका परीक्षेत त्यांना शंभरांपैकी एकशे दहा गुण मिळाले. मुलांनो, हसू नका. ही बेरजेची चूक नव्हती. सत्येंद्रनाथांनी काही उदाहरणे एकाहून अधिक रीतींनी सोडविली होती आणि गुरुजींनी त्या जादा रीतींचेही गुण दिले होते. असा विद्यार्थी लाभणे हे जसे शिक्षकाचे भाग्य, तसेच असा परीक्षक लाभणे हे विद्यार्थ्याचे.

१९०८ साली प्रवेशपरीक्षेच्या वेळी कांजिण्या आल्याने त्यांचे एक वर्ष वाया गेले. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात मेघनाद साहा हे त्यांचे सहाध्यायी झाले. १९१५ मध्ये एम.एस्‌सी.च्या परीक्षेत सत्येंद्रनाथ पहिले आले, तर साहा दुसरे. आशुतोष मुखर्जी यांनी या दोघा तरुणांस विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात अध्यापनासाठी घेतले. शिकवावयाचे ते नवे पदार्थविज्ञान. पण त्यावरचे ग्रंथ बहुतेक जर्मन भाषेत, आणि महायुद्धामुळे बाहेरून पुस्तके येणे दुरापास्त झालेले. तेव्हा हे दोघे मित्र जर्मन शिकले आणि मिळतील तेथून ग्रंथ मिळवून स्वतःच आपले गुरू बनले. आइनस्टाइन यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर कलकत्ता विद्यापीठाने १९२० मध्ये प्रसिद्ध केले.

१९२१ साली ढाक्यास नवे विद्यापीठ निघाले, तेव्हा सत्येंद्रनाथ तेथे पदार्थविज्ञानाचे प्रपाठक म्हणून गेले. तेथील वर्गात शिकविताना एक गोष्ट त्यांना सलू लागली. तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशाचा नियम माक्स प्लांक यांनी १९०० साली शोधला होता. नियम खरा होता, प्रयोगांशी तंतोतंत जुळत होता. परंतु तो सिद्ध करताना जुन्या आणि नव्या विचारांची सरमिसळ करावी लागे. जे स्वतःला पटत नाही ते विद्यार्थ्यांना कसे पटवावे? सत्येंद्रनाथांनी निराळी वाट शोधली.

ती वाट समजण्यास एक साधे उदाहरण घेऊ. तुमच्याजवळ एक तांबडी व एक निळी अशा दोन गोट्या आहेत आणि सदऱ्याला दोन खिसे आहेत. त्या किती प्रकारे ठेवता येतील? दोन्ही डाव्या खिशात, दोन्ही उजव्यात, तांबडी डाव्यात व निळी उजव्यात, किंवा याच्या उलट. असे चार प्रकार झाले. आता समजा, गोट्यांना रंगच नाही आणि त्या इतक्या सारख्या आहेत की एकीस दुसरीपासून ओळखणे मुळीच शक्य नाही. मग शेवटचे दोन प्रकार एकच ठरतात आणि मोजणी तीनवर येते. पूर्वी चारांपैकी दोन प्रकारांत गोट्या एकत्र होत्या. आता तीनांपैकी दोनांत आहेत. खऱ्या गोट्यांवर कोठे ना कोठे ओरखडा असतोच, म्हणून त्या ओळखता येतात. प्रकाशाच्या कणांवर तसली कोणतीच खूण नसते. त्यांची मोजणी या दुसऱ्या रीतीने केली असता प्लांक यांचा नियम जुन्या कल्पनांचा आधार न घेता आपोआप हाती येतो, हे सत्येंद्रनाथांनी दाखविले.

निबंध लहानसाच होता. ४ जून १९२४ रोजी त्यांनी तो थेट आइनस्टाइन यांच्याकडे बर्लिनला पाठविला आणि योग्य वाटल्यास तो जर्मन नियतकालिकात छापून आणावा, अशी विनंती केली. प्रत्यक्ष ओळख नाही, मध्यस्थ नाही. तीस वर्षांच्या तरुणाचे हे धाडसच म्हणावयाचे. आइनस्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर केले, हा महत्त्वाचा पुढचा टप्पा आहे अशा आशयाची टीप जोडली आणि तो त्याच वर्षी छापविला. त्यांच्याकडून आलेले एक पोस्टकार्ड सत्येंद्रनाथांनी कुलगुरू हार्टॉग यांस दाखविताच युरोपात अभ्यास करण्यासाठी दोन वर्षांची रजा मंजूर झाली. जर्मन वकिलातीने तर तेच कार्ड पाहून प्रवेशाचा परवाना विनाशुल्क दिला.

सत्येंद्रनाथ प्रथम पॅरिसला गेले. मादाम क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत काम करावे, अशी त्यांची इच्छा होती. मादाम त्यांच्याशी इंग्रजीत बोलल्या आणि आधी काही महिने फ्रेंच शिकून यावे, असे त्यांनी सुचविले. सत्येंद्रनाथांना फ्रेंच चांगले येत होते. पण त्या थोर विदुषीस मध्येच थांबवून तसे सांगण्याचे त्यांच्याने झाले नाही! पॅरिसमध्ये सुमारे वर्षभर राहून १९२५ च्या अखेरीस ते बर्लिनला गेले व तेथे आइनस्टाइन यांस भेटले.

१९२६ मध्ये ढाक्याच्या मित्रांकडून बातमी आली की, विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाची जागा रिकामी आहे. त्वरित अर्ज करावा. अर्ज करण्यास अडचण एकच होती. अशा वरिष्ठ जागेसाठी उमेदवार संशोधनाची डॉक्टर ही पदवी मिळविलेला असावा, अशी रूढी होती आणि सत्येंद्रनाथांनी ती पदवी कधीच घेतली नव्हती. ज्यांचे नाव युरोपातील विद्वानांच्या तोंडी झाले होते, त्यांच्यापाशी दाखविण्यास एम.एस्‌सी.च्या वरचा कागद नव्हता. त्यांचा स्वभाव मुळात संकोची. तरीही मित्रांच्या सल्ल्यावरून त्यांनी आइनस्टाइन यांच्याकडे शिफारसपत्र मागितले. अशा कामगिरीनंतरही शिफारस लागते, याचे आइनस्टाइन यांना नवल वाटले. पत्र मात्र त्यांनी आनंदाने दिले.

तुम्हांला वाटेल, आता निवड ठरलेलीच! तसे झाले नाही. विद्यापीठाने प्रथम पसंती दिली ती देवेंद्रमोहन बोस यांना. तेही नामांकित शास्त्रज्ञ होते व अनुभवाने वडील होते, म्हणून या निवडीस अन्याय म्हणता येणार नाही. ते न आल्यास सत्येंद्रनाथांस नेमावे, असेही ठरले होते. देवेंद्रमोहनांनी ती जागा स्वीकारली नाही आणि सत्येंद्रनाथ प्राध्यापक झाले. ज्या निबंधामुळे पुढे विश्वातील कणांच्या एका मोठ्या वर्गास त्यांच्या नावावरून ‘बोसॉन’ म्हणू लागले, त्या निबंधाच्या लेखकाची निवड अशी दुसऱ्या क्रमांकाने झाली.

याविषयी त्यांनी कडवटपणा धरला नाही. ते १९४५ पर्यंत ढाक्यास राहिले. केवळ कागदावरचे गणित करून ते थांबले नाहीत. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासण्याची उपकरणे त्यांनी विद्यार्थ्यांकडून तेथेच तयार करवून घेतली. फावल्या वेळी ते एसराज हे तंतुवाद्य वाजवीत. फाळणीच्या आधी ते कलकत्त्यास परतले. विज्ञान मातृभाषेतून शिकविता येते, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी १९४८ मध्ये बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. १९५४ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला आणि १९५८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यातच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मोजणीच्या रीतीवरून आइनस्टाइन यांनी १९२५ सालापर्यंत एक भाकीत केले होते: वायू अतिशय थंड केला असता त्याचे पुष्कळ अणू एकाच अवस्थेत गोळा होतील. ते प्रत्यक्ष पाहण्यास सत्तर वर्षे लागली. १९९५ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे रुबिडियमचे सुमारे दोन हजार अणू, उणे २७३ अंशांच्या आसपास असलेल्या थंडीच्या अगदी तळाशी, एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी अंतरापर्यंत नेण्यात आले, आणि ते खरोखरच एकत्र गोळा झाले. पदार्थाच्या त्या अवस्थेच्या नावात बोस यांचे नाव आइनस्टाइन यांच्या आधी येते.