आजचे चिंतन : श्रीगुरुचरित्र, अध्याय १३ – आधी जेवण, मग उपदेश

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आज पारायणाचा दुसरा दिवस. सात दिवसांच्या क्रमात आज दहापासून एकविसापर्यंतचे अध्याय येतात. त्यातले अकरावा आणि बारावा आपल्या कारंज्यातले. वाशीम जिल्हा १९९८ साली झाला, पण कारंजा दत्तभक्तांच्या नकाशावर सहाशे वर्षांपासून आहे. म्हणून आपल्याकडे हे दोन अध्याय वाचताना वाचणाऱ्याचा आवाज आपोआप जरा मोठा होतो. मी मात्र आज तेराव्यावर थांबलो. गुरुचरित्र संकटात वाचायचं पुस्तक आहे असं सगळेच म्हणतात. दुखणाऱ्या माणसाशी कसं वागावं, हे शिकवणारंही ते पुस्तक आहे, आणि ते या अध्यायात फार स्पष्ट दिसतं. पण त्यासाठी श्रीनृसिंह सरस्वती स्वामी महाराजांचं चरित्र जरा मागून सांगायला हवं.

त्यांच्या जन्माची गोष्ट कारंज्यात सुरू होतच नाही. ती सुरू होते आठव्या अध्यायात, कृष्णाकाठच्या कुरवपुराला. तिथे एक विधवा बाई आपल्या मंदबुद्धी मुलाला घेऊन जीव द्यायला निघाली होती. गावानं त्या मुलाला इतकं हिणवलं होतं की मायलेकरांना जगणं नकोसं झालं. नदीवर श्रीपाद श्रीवल्लभ होते. त्यांनी दोघांना थांबवलं आणि त्या माउलीचं सगळं ऐकून घेतलं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, तिला शनिप्रदोषाचं व्रत सांगितलं. तिनं मागणं मागितलं की पुढच्या जन्मी तुमच्यासारखा मुलगा मला व्हावा. तीच बाई पुढे कारंज्यात अंबा म्हणून जन्माला आली, माधव नावाच्या ब्राह्मणाशी तिचं लग्न झालं, आणि तिच्या पोटी महाराज आले. परंपरा हा जन्म शके १३०० च्या सुमाराचा, म्हणजे इ.स. १३७८ चा मानते.

म्हणजे बघा, कारंज्याच्या अवताराचं मूळ एका नदीकाठी आहे. मरायला निघालेल्या एका आईला कुणीतरी थांबवलं, तिथे.

पण त्या आईच्या वाट्याला पुन्हा दुःख आलंच. बाळ जन्मतानाच ओंकार म्हणालं, आणि पुढे सात वर्षं एक शब्द नाही. आईबापांनी काय काय नाही केलं! कुणी सांगेल तो उपाय, कुणी सांगेल तो देव. ज्या घरात बोलायला उशीर झालेलं लेकरू आहे, त्या घराला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. शेवटी मुलानंच खुणेनं सांगितलं की माझी मुंज करा. मुंजीत आईनं भिक्षा घातली आणि मुलाच्या तोंडून वेद बाहेर पडले. कारंजं चकित झालं. आईचा आनंद मात्र किती टिकला? लगेच मुलगा म्हणाला, आता मला जाऊ दे, मला संन्यास घ्यायचा आहे.

अंबा रडली. लेकरानं तिला मागच्या जन्मीची ओळख पटवून दिली, ज्ञानही सांगितलं. पण एवढ्यावर तो निघून गेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुला आणखी मुलं होतील असा शब्द त्यानं दिला आणि तो शब्द खरा होईपर्यंत तो घरी थांबला. अंबेला जुळी मुलं झाली, ती काही महिन्यांची झाली, मगच त्यानं घर सोडलं. जगाचा गुरू व्हायला निघालेला मुलगा आईच्या ओटीत काही आहे ना, हे बघून निघाला.

काशीला वृद्ध कृष्ण सरस्वतींकडून त्यांनी संन्यास घेतला आणि नृसिंह सरस्वती हे नाव मिळालं. पुढे बदरीनारायण, गंगासागर, प्रयाग अशी तीर्थं झाली, शिष्य जमले. तीस एक वर्षांनी ते कारंज्याला परत आले, आईबापांना, भावंडांना भेटले. बहीण रत्नाई समोर आली. तिला त्यांनी पुढे येणारं कुष्ठाचं दुखणं सांगितलं आणि दक्षिणेला भीमेच्या काठी ये, असंही सांगून ठेवलं. दुखणं टळेल असं खोटं आश्वासन दिलं नाही. पण ते आल्यावर कुठे यायचं, तो पत्ता मात्र देऊन ठेवला. एकोणपन्नासाव्या अध्यायात ही रत्नाई खरंच गाणगापूरला येते, पापविनाशी तीर्थात स्नान करते आणि बरी होते. भावानं शब्द पाळला.

आता आजचा प्रसंग. कारंज्याहून निघून महाराज गोदावरीच्या काठानं वासर ब्रह्मेश्वराला, म्हणजे आजच्या बासरला आले. तिथे त्यांना एक ब्राह्मण दिसला, पोटशूळानं हैराण झालेला. जेवला की असह्य दुखायचं, म्हणून तो पंधरा पंधरा दिवस, महिना महिना उपाशी राहायचा. महानवमीला गोडधोड खाल्लं आणि कळ इतकी आली की तो नदीवर जीव द्यायला निघाला. महाराजांनी शिष्यांना सांगितलं, त्याला धरून आणा.

मग काय केलं? आधी विचारलं की बाबा, काय झालं? तो रडत रडत सगळं बोलला. महाराज म्हणाले, तुझ्या दुखण्याचं औषध माझ्याजवळ आहे. तेवढ्यात तिथे सायंदेव आला. कडगंचीचा हा माणूस, मुसलमान अंमलदाराच्या पदरी नोकरीला. महाराजांनी त्याला सांगितलं, याला घरी ने आणि पोटभर गोड जेवू घाल. सायंदेव घाबरला. जेवणानंच जो मरायला टेकलाय त्याला जेवण घालायचं? काही बरंवाईट झालं तर ब्रह्महत्या माझ्या माथी! महाराजांनी धीर दिला. सायंदेवानं मग तुम्हीही चला अशी विनंती केली आणि महाराज शिष्यांसह त्याच्या घरी गेले. पानं मांडली, पंगत बसली. तो ब्राह्मण जेवला आणि त्याचं दुखणं गेलं.

आत्महत्या पाप आहे, हे महाराजांनीही त्याला सांगितलं. पण ते सांगून त्याला सोडून दिलं नाही. त्याला पंगतीत बसवलं. किती दिवस तो माणूस चार लोकांत बसून जेवला नसेल! दुखणं शरीराला असतं, पण ते माणसाला एकटं पाडतं. जेवणावळीत नको, लग्नकार्यात नको, घरच्यांना ओझं. मला वाटतं, महाराजांनी पोट बरं केलं त्याआधी त्याचं एकटेपण घालवलं.

काळही लक्षात घ्या. ही बहामनी राज्याची वर्षं. १३९६ पासून दख्खनमध्ये दुर्गादेवीचा दुष्काळ पडला आणि तो बारा वर्षं हटला नाही, असं इतिहासात नोंदलेलं आहे. महाराजांच्या ऐन तरुणपणाचा हा काळ. गुरुचरित्रात इतकी आजारी, इतकी पोरं गमावलेली, इतकी उपाशी माणसं का येतात, ते यावरून कळतं.

पुढचे अध्यायही हेच सांगतात. विसाव्या-एकविसाव्यात शिरोळची बाई आहे. पाच मुलं गेलेली, मग नवसानं दोन झाली, त्यातलाही थोरला गेला. ती प्रेत सोडायला तयार नाही. एक ब्रह्मचारी येऊन तिला देहाची नश्वरता वगैरे सांगतो. ती ऐकते आणि उलट विचारते की मग मला दिलेल्या शब्दाचं काय? तिचा हा राग पोथीनं झाकला नाही. तिला कुणी पापी म्हटलं नाही. आमच्या ओळखीतल्या एक आजी आहेत, तरणाताठा मुलगा गेलेल्या. पारायण ऐकायला बसतात आणि या अध्यायाला डोळे पुसतात. एकदा म्हणाल्या, माझं तर लेकरू नाही उठलं, पण त्या बाईनं देवाला विचारलं तरी ना! तेवढ्यानंही त्यांना हलकं वाटतं.

तिसाव्या अध्यायात माहूरच्या गोपीनाथाचा मुलगा आहे, क्षयानं झिजलेला. त्याची बायको तो खाईल तेवढंच खाते, तो घेईल ते औषध स्वतःही घेते. औषधपाणी पोथीतही आहे, हे विसरू नये. चाळिसाव्यात कोड फुटलेल्या नरहरीला महाराज वाळकं लाकूड देतात आणि सांगतात, याला पाणी घाल. लोक हसले, तो घालत राहिला. लाकडाला पालवी फुटली आणि तोही बरा झाला. पन्नासाव्यात बिदरचा मुसलमान राजा मांडीच्या फोडानं बेजार होऊन येतो, त्यालाही तीच कृपा.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. पोथीत बहुतेक दुखण्यांचं कारण मागच्या जन्मीचं पाप असं दिलेलं आहे. तो त्या काळाचा समज होता. पण हे वाक्य उचलून आपण शेजारच्या आजारी माणसाला ऐकवत असू, तर आपण पोथी उलटी वाचली. महाराजांनी कारण सांगून कुणालाही दारातून परत पाठवलेलं नाही. आपण कारण तेवढं सांगतो आणि ताट वाढायचं विसरतो.

आपल्या भागात हे फार जवळून लागतं. २००६ साली केंद्रानं शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात वाशीम होतं. कपाशी, सोयाबीन, कर्ज, नापिकी, हे शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नकोत. गावात एखादा माणूस गप्प गप्प राहायला लागला, पारावर येईना, जेवणावरून उठायला लागला, तर तो नदीकाठचा ब्राह्मणच आहे असं समजा. त्याला धरून आणायला महाराजांनी शिष्य पाठवले होते. आज ते शिष्य आपणच. आणि पोथीबरोबर डॉक्टरही हवाच. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. हा नंबर पोथीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही.

महाराज पुढे औदुंबर, नरसोबाची वाडी करून भीमा-अमरजेच्या संगमी गाणगापूरला वीसहून अधिक वर्षं राहिले. शके १३८० मध्ये श्रीशैलाकडे कर्दळीवनात गेले.

आणि शेवटी हे ध्यानात घ्या. गुरुचरित्र लिहिलं सरस्वती गंगाधरांनी, आणि ते त्याच सायंदेवाच्या वंशातले. ज्या घरानं भीत भीत का होईना, एका मरणाऱ्या माणसाला पान वाढलं, त्याच घराण्यातून पुढे ही पोथी आली. एका जेवणाचं फळ आपण आज पाच शतकांनी वाचतोय.

आजचा संकल्प : आपल्या ओळखीत जो दुखण्यानं किंवा दुःखानं एकटा पडलाय, त्याच्याकडे आज जायचं. उपदेश करायचा नाही. काय झालं म्हणून विचारायचं, ऐकायचं, आणि जमलं तर सोबत बसून दोन घास खायचे.

उद्या अध्याय बावीस, वांझ म्हशीच्या दुधाची गोष्ट.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥