विश्लेषण : दुखापतीच्या बातम्यांतला ‘ॲकिलीस’ नेमका कोण होता?

खेळाडूला ‘ॲकिलीस’ची दुखापत, काही महिने संघाबाहेर, अशी बातमी क्रीडापानावर अधूनमधून असतेच. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड पट्ट्याचे हे नाव. ज्याच्यावरून ते पडले, त्याने कीर्तीसाठी आयुष्य पणाला लावले होते. लोकांच्या लक्षात राहिली ती मात्र त्याची टाच.

कोण होता ॲकिलीस?

ग्रीक पुराणकथांनुसार फ्थियाचा राजा पेलिअस आणि सागरकन्या थेटिस यांचा हा मुलगा. अर्धा माणूस, अर्धा घोडा असलेल्या कायरॉनने त्याला वाढवले. त्याच्यापुढे दोनच पर्याय होते : घरी राहून दीर्घ, अनाम आयुष्य किंवा ट्रॉयच्या युद्धात लवकर मृत्यू आणि अमर कीर्ती. आईने त्याला स्कायरोस बेटावर मुलीच्या वेशात लपवले. ओडिसिअसने तिथल्या मुलींसमोर दागिन्यांसोबत शस्त्रेही मांडली. शस्त्रांना हात घालणारा ॲकिलीस लगेच ओळखू आला.

होमरचे ‘इलियड’ हे सुमारे 15,700 ओळींचे महाकाव्य त्याच्या रागाभोवती फिरते. सेनापती ॲगामेम्नॉनने त्याच्या वाट्याची बंदिनी ब्रिसेइस काढून घेतली. अपमानित ॲकिलीसने लढणे सोडले आणि त्याचेच सहकारी मरत राहिले. जिवलग मित्र पॅट्रोक्लस त्याचे चिलखत घालून रणात उतरला आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टरने त्याला मारले. मग ॲकिलीसने हेक्टरला ठार करून त्याचे प्रेत रथामागे फरफटत नेले. शेवटी हेक्टरचा वृद्ध बाप प्रायम रात्री त्याच्या छावणीत आला आणि मुलाला मारणाऱ्या हातांचे त्याने चुंबन घेतले. दोघेही रडले. ॲकिलीसने प्रेत परत केले. त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा हा प्रसंगच मोठा आहे.

टाचेची गोष्ट आली कुठून?

होमरकडून नाही. ‘इलियड’ हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर संपते. त्यात ॲकिलीसचा मृत्यूही नाही. उलट एका लढाईत भाला लागून त्याच्या हातातून रक्त येते, म्हणजे तो अभेद्य नव्हताच. थेटिसने बाळाला स्टिक्स नदीत बुडवले, ही कथा आपल्यापर्यंत आली ती इ.स. पहिल्या शतकातील रोमन कवी स्टेशिअसच्या काव्यातून. हाताने धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली आणि पॅरिसचा बाण तिथेच लागला, असे पुढे रूढ झाले. 1693 मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ फिलिप फेरहेयन यांनी पायाच्या त्या पट्ट्याला ॲकिलीसचे नाव दिले.

सौदा फायद्याचा ठरला?

‘ओडिसी’त पाताळात भेटलेला ॲकिलीस तसे म्हणत नाही. मृतांचा राजा होण्यापेक्षा गरिबाच्या शेतावर मजुरी करत जगणे बरे, असे तो ओडिसिअसला सांगतो.

नाव मात्र पसरत गेले. आईकडून ॲकिलीसचा वंशज म्हणवणाऱ्या अलेक्झांडरने इ.स.पू. 334 मध्ये ट्रॉयला जाऊन त्याच्या कबरीला मान दिला. झेनोने त्याला कासवाच्या मागे धावायला लावले आणि तर्काने हरवले. (इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी अनंत श्रेणीची बेरीज शिकलेल्यांना यातली मेख माहीत असेल.) 1906 मध्ये मॅक्स वोल्फ यांना गुरूच्या कक्षेत सापडलेल्या लघुग्रहाला ‘ॲकिलीस’ हे नाव मिळाले. पुढे त्या कक्षेतल्या लघुग्रहांची ग्रीक आणि ट्रोजन अशी दोन छावण्यांत विभागणी झाली. नावे आधीच पडल्याने हेक्टर ग्रीकांत आणि पॅट्रोक्लस ट्रोजनांत अडकला.

याच नावाची एक युद्धनौका तर मुंबईपर्यंत आली. ‘ॲकिलीस’ ही क्रूझर डिसेंबर 1939 मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत ‘ग्राफ श्पे’ या जर्मन नौकेशी लढली होती. 1948 मध्ये भारताने ती घेतली आणि नाव ठेवले ‘दिल्ली’. 1956 च्या त्या लढाईवरील चित्रपटात तिने पुन्हा ‘ॲकिलीस’ची भूमिका केली. 1961 च्या गोवा मुक्ती मोहिमेत ती दीवच्या समुद्रात होती. 1978 मध्ये मुंबईत ती निवृत्त झाली आणि भंगारात निघाली. तिचा एक तोफ-बुरूज ऑकलंडच्या नौदल तळावर जपून ठेवला आहे.