वादळाच्या आधी पोहोचलेला मेसेज : रॉबर्ट फिट्झरॉयची गोष्ट

तुमच्या फोनवर कधी ना कधी असा अलर्ट आलाच असेल : पुढच्या काही तासांत सोसाट्याचा वारा, काळजी घ्या. आपण तो वाचतो आणि बोटाने बाजूला सरकवतो. पण दुकान, गोदाम, मांडव किंवा होडी ज्याच्या मालकीची आहे, त्याच्यासाठी ते काही तास म्हणजे पैसे असतात. हे तास मिळवून देण्यासाठी एका माणसाने आयुष्य घालवलं. त्याचं नाव रॉबर्ट फिट्झरॉय.

एक चूक आणि दोन जीव

फिट्झरॉयचा जन्म १८०५ चा, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातला. बाराव्या वर्षी तो नौदलाच्या शाळेत गेला आणि तेविसाव्या वर्षी 'बीगल' जहाजाचा कप्तान झाला. १८२९ च्या सुरुवातीला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ 'पाम्पेरो' नावाचा तिथला झंझावात जहाजावर आदळला. डोलकाठ्या मोडल्या, जहाज जवळजवळ उलटलं आणि दोन खलाशी बुडाले. त्याआधी बॅरोमीटर उतरत होता, पण तरुण कप्तानाने तिकडे पुरेसं लक्ष दिलं नव्हतं. ही गोष्ट तो विसरला नाही.

बॅरोमीटर म्हणजे हवेचा दाब मोजणारं यंत्र. त्याच्या काचेच्या नळीत पारा असतो. हवेचा दाब कमी झाला की पारा खाली येतो. जिथे दाब कमी, तिकडे आजूबाजूची जास्त दाबाची हवा धाव घेते. हा फरक जितका मोठा, तितका वारा जोराचा. त्यामुळे पारा भराभर उतरला तर वादळ जवळ आलं असण्याची शक्यता मोठी.

१८३१ ते १८३६ या काळात त्याने 'बीगल'वरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. चार्ल्स डार्विन याच प्रवासात त्याच्यासोबत होता. या वेळी निघताना त्याने जहाजाच्या डोलकाठ्यांना वीजरोधक पट्ट्या बसवून घेतल्या, अचूक घड्याळं सोबत घेतली आणि काही खर्च स्वतःच्या खिशातून केला.

नुसता बॅरोमीटर का पुरत नाही?

१८५४ मध्ये ब्रिटनच्या व्यापार खात्यात हवामानाचा एक छोटा विभाग सुरू झाला. आजच्या तिथल्या 'मेट ऑफिस'ची ती सुरुवात. विभागाचा प्रमुख फिट्झरॉय. काम होतं जहाजांकडून वाऱ्याच्या आणि दाबाच्या नोंदी गोळा करायचं. त्याने मासेमारी बंदरांमध्ये बॅरोमीटरही बसवायला लावले, म्हणजे गरीब कोळ्यालाही समुद्रात जाण्याआधी पारा बघता येईल.

मग ऑक्टोबर १८५९ उजाडला. मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेलं 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर खडकांवर आपटून फुटलं. त्यात ऑस्ट्रेलियाच्या खाणींचं सोनं होतं आणि सुमारे ४५० माणसं गेली. त्याच वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर १३३ जहाजं बुडाली.

फिट्झरॉयने नोंदी जुळवून पाहिल्या. वादळ एका जागी उगवत नाही, ते प्रवास करतं. मग एका किनाऱ्यावर ते पोहोचलं की पुढच्या बंदराला कळवता येणार नाही का? घोडा किंवा जहाज वाऱ्याच्या पुढे जाऊ शकत नव्हतं. पण टेलिग्राफची तार जाऊ शकत होती. त्याच्या कामाचं सगळं मर्म इथे आहे : बातमी वाऱ्यापेक्षा वेगाने धावली, तरच माल वाचतो.

यंत्रणा कशी चालायची?

किनाऱ्यावरच्या ठाण्यांवरून दाब, तापमान आणि वारा यांचे आकडे तारेने लंडनला यायचे. फिट्झरॉय आणि त्याची मोजकी माणसं ते एकत्र मांडून अंदाज काढायची. धोका दिसला की तार बंदराकडे परत जायची आणि तिथल्या खांबावर खुणा चढायच्या. शंकूचं टोक वर असेल तर उत्तरेकडून वादळी वारा, खाली असेल तर दक्षिणेकडून. शंकूसोबत ढोलाच्या आकाराची खूण असली तर धोका मोठा. रात्री कंदील लावायचे. अक्षरओळख नसलेल्या नाखव्यालाही ते लांबूनच कळायचं.

आपल्याकडे कोकणात वादळ आलं की 'बंदरात तीन नंबरचा बावटा लावला' अशी बातमी येते. तो याच पद्धतीचा भाऊबंद.

फेब्रुवारी १८६१ मध्ये पहिला इशारा गेला. त्याच वर्षी १ ऑगस्टला 'द टाइम्स'मध्ये सर्वसामान्यांसाठी हवामानाचा अंदाज छापून आला. 'फोरकास्ट' हा शब्द हवामानासाठी त्यानेच रूढ केला. हे भविष्य नाही, आकड्यांवरून बांधलेला अंदाज आहे, हे त्याला ठसवायचं होतं.

इशारा चुकला तर?

अंदाज चुकायचेही. शंकू चढला, होड्या किनाऱ्यावर राहिल्या आणि वारा आलाच नाही, तर मालकाचा दिवसाचा धंदा बुडायचा. मालक कुरकुरले, वर्तमानपत्रांनी टिंगल केली, शास्त्रज्ञांनी पद्धतीला पुरेसा आधार नाही म्हटलं, खासदारांनी तारांचा खर्च काढला. मात्र जो इशारा खरा ठरला, त्यामुळे किती जहाजं वाचली, हे कुणाला मोजता येत नव्हतं. न झालेलं नुकसान दिसत नाही ना!

फिट्झरॉय थकला. तब्येत ढासळली, पैसा संपत आला आणि मनावर निराशेचं सावट होतं. ३० एप्रिल १८६५ रोजी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. कुटुंबाच्या मदतीसाठी निधी उभारला गेला, त्यात डार्विननेही पैसे दिले.

पुढच्या वर्षी चौकशी समितीच्या अहवालानंतर अंदाज आणि इशारे दोन्ही बंद झाले. पण बंदरांना आता ती खूण हवी होती. मागणी वाढली आणि १८६७ मध्ये वादळाचे इशारे पुन्हा सुरू झाले. वर्तमानपत्रांतले अंदाज परतायला १८७९ उजाडलं. २००२ मध्ये ब्रिटनच्या सागरी हवामान वार्तापत्रातल्या एका समुद्रभागाला 'फिट्झरॉय' हे नाव मिळालं.

आपण काय घ्यायचं?

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्याआधी हवामान खात्याचे इशारे आलेले होते. तार गेली, उपग्रह आले, पण हिशोब तोच : इशारा आणि वारा यांच्यामधले तास. त्या वेळेत दुकानाचा फलक उतरवता येतो, शटर आतून आवळता येतं, छतावरचे सुटे पत्रे बांधता येतात, माल जमिनीपासून उंचावर ठेवता येतो, होडी ओढून घेता येते आणि विम्यासाठी फोनवर दुकानाचे फोटो काढून ठेवता येतात.

दहापैकी दोन इशारे फुकट गेले तर काय जातं? फलक पुन्हा लावायची मेहनत. एक खरा इशारा बोटाने सरकवला तर काय जातं, ते १८२९ मध्ये एका तरुण कप्तानाला कळलं होतं. त्यामुळे पुढचा अलर्ट आला की आधी वाचा, आणि घरात ज्यांचं दुकान किंवा होडी आहे त्यांना लगेच फोन करा.